घरी सोडताना बाळाबरोबर काय देता? प्रसूतिगृहांच्या व्यवस्थापकांना खुले पत्र

प्रसूतिगृहं चालवणाऱ्या, तिथले नियम ठरवणाऱ्या आणि डिस्चार्जच्या कागदावर सही करणाऱ्या सर्वांस,

स. न. वि. वि.

मी नवजात बाळांच्या वॉर्डात काम करणारी परिचारिका. माझी बहुतेक नोकरी रात्रपाळीत गेली आणि वॉर्डातला फोन उचलण्याचं काम कुणी नेमून न देताच माझ्याकडे आलं. रात्री दोन-तीनच्या सुमाराला येणारे हे फोन नुकत्याच घरी गेलेल्या आईबापांचे असतात. बाळ केव्हाचं झोपलंय, उठवू का? लंगोटात विटकरी डाग दिसतोय, रक्त तर नाही? श्वास मधेच थांबल्यासारखा वाटतो. उचकी जात नाही. अंगावर पाजलं तरी रडतंय, वरचं दूध द्यायचं का? आणि बहुतेकांच्या तोंडी एक वाक्य असतंच: "निघताना तुम्ही सांगितलं होतं सिस्टर, पण आता काहीच आठवत नाही."

आठवणार तरी कसं? डिस्चार्जची वेळ एकदा वॉर्डात उभं राहून बघा. बाळाचे बाबा बिलाच्या खिडकीशी असतात. पलंगावर पिशव्या भरून ठेवलेल्या, आणि दारात पुढच्या पेशंटची चादर घेऊन मावशी उभ्या. बाळंतिणीचे टाके ओढतायत, दोन रात्री धड झोप नाही. त्यात आम्ही एका दमात सगळं म्हणून टाकतो: दर दोन-तीन तासांनी पाजा, ढेकर काढा, बेंबीला काही लावू नका, उताणं झोपवा, ऊब ठेवा, पिवळं दिसलं तर या, ताप आला तर या, तपासणीला सहा आठवड्यांनी या, इथे सही करा. ती मान हलवते. तिचं सगळं लक्ष सारखी घसरणाऱ्या बाळाच्या टोपीकडे असतं. कागदाची घडी डायपरच्या पिशवीच्या तळाशी जाते आणि आपल्या रजिस्टरमध्ये 'समुपदेशन केले' या रकान्यात बरोबरची खूण पडते.

त्या खुणेवर माझा विश्वास उरलेला नाही. पण माझी मुख्य तक्रार तिच्याबद्दल नाही, वेळापत्रकाबद्दल आहे. सगळं सुरळीत असलेल्या बाळ-बाळंतिणीला आपण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी पाठवतो, कधी पहिला दिवस पुरा होताच. दूध भरून येतं ते साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान. बाळाचं वजन सगळ्यात खाली जातं ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी. कावीळ चढते ती तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. आईचं मन अकारण भरून येतं तेही याच दिवसांत. म्हणजे जे काही व्हायचं ते आपला उंबरठा ओलांडल्यावर होतं, आणि आपण पुढची तारीख देतो सहाव्या आठवड्याची.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या शिफारशींत हे स्वच्छ लिहिलेलं आहे. गुंतागुंत नसलेल्या प्रसूतीनंतर आई आणि बाळ किमान २४ तास रुग्णालयात असावेत, आणि त्यानंतर निदान तीन वेळा त्यांची तपासणी व्हावी: ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान, मग ७ ते १४ दिवसांत, मग सहाव्या आठवड्यात. आपण यांतली तिसरी भेट पाळतो आणि पहिल्या दोन सोडून देतो. जगभरात २०२२ साली सुमारे २३ लाख बाळं जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात दगावली आणि त्यांतली जवळपास तीन चतुर्थांश पहिल्याच आठवड्यात. यांतली सगळीच घरी गेलेली होती असं नाही, अनेक जण अपुऱ्या दिवसांची, जन्मतःच आजारी होती. तरीही, पहिल्या आठवड्यात कुणाचीच नजर नसण्याचं समर्थन मला करता येत नाही.

दुधापासून सुरू करते, कारण सर्वांत जास्त फोन त्याचेच. पहिल्या दिवसांत येतो तो चीक, एका वेळी जेमतेम चमचाभर. बाळाला तेवढाच लागतो. पण हे आईला कुणी नीट सांगत नाही. तिला स्तन रिकामे वाटतात, बाळ सारखं मागतं, घरातलं कुणीतरी "दूधच नाही हिला" म्हणतं आणि दुसऱ्या दिवशी डबा फुटतो. बाळ वरचं पिऊन झोपतं, ओढणं कमी होतं, ओढणं कमी झालं की दूध कमी बनतं, आणि घरातल्यांचं म्हणणं खरं ठरतं. ज्या बाळाला वैद्यकीय कारणाने वरचं दूध लागतं त्याला ते द्यायलाच हवं, त्यात आईला अपराधी वाटण्यासारखं काही नाही. पण ते कारण डॉक्टरांनी ठरवावं, मध्यरात्रीच्या घाबरगुंडीने नव्हे.

"दर दोन-तीन तासांनी पाजा" हे आपलं वाक्य चुकीचं नाही, अपुरं आहे. त्याने आई बाळाऐवजी घड्याळाकडे बघायला लागते. दिवसाकाठी ८ ते १२ वेळा पाजणं होतं, पण सारख्या अंतराने नव्हे. संध्याकाळी बाळ तासातासाला मागू शकतं. मान वळवून तोंड शोधणं, ओठ हलवणं, मुठी तोंडाकडे नेणं ही भुकेची खूण. रडणं ही उशिराची खूण, आणि रडून लाल झालेलं बाळ नीट तोंडात घेत नाही. उलट पहिल्या आठवड्यात काही बाळं इतकी झोपाळू असतात की मागतच नाहीत. वजन जन्माइतकं परत येईपर्यंत तीन-चार तासांच्या वर झोपलेल्या बाळाला उठवून पाजायचं असतं, हे किती जणींना ठाऊक असतं?

आणि दूध पुरतंय की नाही हे कळायला वजनकाटा लागत नाही. लंगोट मोजायचे. पहिल्या दिवशी निदान एक ओला, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन. पाचव्या दिवसापासून दिवसाला सहा किंवा जास्त. शी सुरुवातीला काळी, चिकट, मग हिरवट, पाचव्या दिवसापर्यंत पिवळी, पातळ. पाचव्या दिवशीही काळीच असेल तर दूध पोटात जात नाहीये. तो विटकरी डागसुद्धा यातच बसतो: पहिल्या दोन-तीन दिवसांत दिसला तर बहुधा लघवीतले क्षार असतात, नंतरही येत राहिला तर बाळ कमी पितंय. वजन पहिल्या दिवसांत सात टक्क्यांपर्यंत उतरतं, कधी दहापर्यंतही, आणि साधारण दोन आठवड्यांत भरून निघतं. दहा टक्क्यांच्या वर उतरलं तर त्याच दिवशी बाळ दाखवायला हवं. मी फोनवर पहिला प्रश्न लंगोटांचाच विचारते. निम्मे फोन तिथेच मिटतात आणि उरलेल्यांतले जे लगेच बोलवायचे तेही तिथेच कळतात.

पाजताना दुखतंय असं म्हणणाऱ्या आईला आपण "सवय होईल" म्हणून मोकळे होतो. पहिल्या दिवसांत थोडं हुळहुळणं ठीक, पण चिरा पडणं, पाजायच्या विचारानेच अंगावर काटा येणं हे बाळाने फक्त बोंडी धरल्याचं लक्षण आहे. बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलेलं, नाक बोंडीसमोर, तोंड जांभईइतकं उघडेपर्यंत थांबायचं आणि मग बाळाला स्तनाकडे आणायचं, स्तन बाळाकडे न्यायचा नाही. हनुवटी स्तनात रुतलेली हवी आणि काळा भाग बाळाच्या वरच्या ओठाच्या वर जास्त, खाली कमी दिसायला हवा. गाल आत खचत असतील, चुटचुट आवाज येत असेल, तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून पकड सोडवायची आणि परत लावायचं. हे कागदावर छापून कळत नाही. शेजारी बसून दाखवावं लागतं, आणि तेही घरी जाण्यापूर्वी निदान दोनदा. त्यासाठी आम्हाला बसायला वेळ द्या, एवढंच मागणं आहे.

कावीळ. पूर्ण दिवसांच्या दहांतल्या सुमारे सहा बाळांना ती होते, अपुऱ्या दिवसांच्या दहांतल्या आठांना. बहुतेकांची आपोआप उतरते, म्हणूनच "सगळ्यांनाच होते, घाबरू नका" हे वाक्य आमच्या तोंडात इतकं बसलंय. अर्धवट धीर हा न दिलेल्या माहितीपेक्षा वाईट असतो. पिवळेपणा चेहऱ्यावरून खाली उतरत जातो. दिवसाच्या उजेडात बाळाच्या कपाळावर, मग छातीवर, मग पायावर बोटाने हलकं दाबून सोडावं आणि तिथली त्वचा पिवळी दिसते का ते बघावं. सावळ्या बाळात डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या बघाव्यात. जन्मल्यापासून २४ तासांच्या आत दिसलेली कावीळ, तळहात-तळपायांपर्यंत पोचलेली कावीळ, किंवा पिवळं बाळ मलूल होऊन प्यायचं थांबलं, तर त्याच तासाला निघायचं. रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा पिवळा रंग देणारं द्रव्य, फार चढलं तर ते मेंदूला कायमची इजा करतं, आणि वेळेत प्रकाशोपचार मिळाले तर ही इजा टाळता येते.

इथे थोडं विषयांतर, कारण आमच्या व्यवसायाला याचा अभिमान वाटावा. काविळीवर प्रकाश चालतो हे प्रथम ध्यानात आलं ते १९५६ साली, इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात, सिस्टर वॉर्ड नावाच्या परिचारिकेच्या नजरेमुळे. त्या बाळांना अंगणात उन्हात नेत. एका बाळाची उघडी राहिलेली त्वचा फिकी पडली आणि चादरीखालचा भाग पिवळाच राहिला, हे त्यांनी डॉक्टरांना दाखवलं. दोन वर्षांनी त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि पुढे निळ्या दिव्यांचे पाळणे आले. पण याच गोष्टीचा उलटा अर्थ लावून घरोघरी बाळं खिडकीतल्या उन्हात धरली जातात आणि दवाखान्यात यायला दोन दिवस उशीर होतो. उन्हाचं माप नसतं, बाळ गारठतं किंवा भाजतं. दिव्याखाली ठेवायची वेळ आली असेल तर ऊन त्याला पर्याय नाही, हे वाक्य डिस्चार्जच्या वेळी द्यायच्या कार्डावर हवंच.

काविळीचं दुसरं टोक तर आपण सांगतच नाही. दोन आठवड्यांनंतरही पिवळेपणा टिकून असेल, शी फिकट पांढुरकी होत असेल आणि लघवी गडद पिवळी, तर पित्तनलिका बंद असण्याची शक्यता असते. तिच्यावरची शस्त्रक्रिया पहिल्या ६० दिवसांच्या आत झाली तर यश मिळण्याची आशा जास्त. हे बाळ आपल्याकडे सहाव्या आठवड्यात पहिल्यांदा आलं तर तपासण्यांतच उरलेले दिवस जातात. दुसऱ्या आठवड्याची भेट का हवी याचं मला याहून मोठं कारण सुचत नाही.

श्वासाबद्दलचे फोन ऐकताना समोरच्याचा आवाज कापत असतो. नवजात बाळ भराभर श्वास घेतं, मग पाच-दहा सेकंद थांबतं, मग पुन्हा सुरू करतं. रंग गुलाबी असेल तर हे चालतं. थांबणं २० सेकंदांपर्यंत गेलं किंवा ओठ निळे पडले तर नाही चालत. म्हणून श्वास मोजायचे ते बाळ शांत असताना, पोटाकडे बघत, पूर्ण एक मिनिट. ६० किंवा जास्त आले तर परत मोजायचे, आणि दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर निघायचं. छातीचा खालचा भाग आत ओढला जाणं, झटके, पिणं सोडणं, हालचाल मंदावणं, काखेत ३७.५ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, किंवा उलट ३५.५च्या खाली उतरलेलं अंग, यांतलं एकही लक्षण सकाळपर्यंत थांबत नाही. या वयात तापाचं औषध घरी देऊन वाट बघायची नसते. हे पाच-सहा मुद्दे कार्डाच्या एका बाजूला, मोठ्या अक्षरांत, इतर काहीही न छापता द्या.

दुसऱ्या बाजूला न घाबरायच्या गोष्टी छापा. उचक्या, शिंका, दुधाची गुळणी, अंगावरचे लाल पुरळ, दचकून हात फेकणं, सोलवटणारी त्वचा, मुलीच्या लंगोटात पहिल्या आठवड्यात दिसणारा रक्ताचा ठिपका, मुलगा असो वा मुलगी, छातीला आलेली सूज. शेवटच्या दोन्ही गोष्टी आईच्या संप्रेरकांमुळे होतात आणि आपसूक जातात. छाती पिळायची मात्र नाही. ही बाजू छापली तर तिसऱ्या रात्रीचे कित्येक फोन येणारच नाहीत.

आंघोळ आणि बेंबी यांवर फार बोलण्यासारखं नाही. पहिली आंघोळ २४ तासांनंतर; नाळ कोरडी आणि उघडी, एक-दोन आठवड्यांत पडते; भोवती लाली पसरली किंवा पू दिसला तर दाखवायची. बाळाला हात लावणाऱ्या प्रत्येकाने आधी हात धुवायचे, पाहुण्यांनीही. पाणी नाही, मध नाही, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही.

झोपेबद्दल मात्र आपल्याच वॉर्डावर बोट ठेवावं लागेल. बाळाला उताणं झोपवा, ही मोहीम ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली सुरू झाली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या निम्म्याहून खाली आली. आपण ते तोंडाने सांगतो आणि वॉर्डात बाळ कुशीवर ठेवून पाठीशी दुपट्याची गुंडाळी लावतो. आई बघते ते शिकते. घरी गेल्यावर ती तीच गुंडाळी लावते, शिवाय उशी, वर जाड पांघरूण. सपाट, घट्ट गादी, आजूबाजूला मऊ काही नाही, बाळ आईच्या खोलीत पण स्वतःच्या जागेवर, हे आधी आपल्या पाळण्यांत दिसू दे. आणि सोफ्यावर बाळाला छातीशी घेऊन डुलकी काढणं सगळ्यात धोक्याचं, हे बाबांनाही सांगा. तो प्रकार त्यांच्याही हातून होतो.

रडण्याचं गणित कुणी सांगत नाही. ते दुसऱ्या आठवड्यापासून वाढतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास कळसाला जातं आणि मग उतरतं. पोट भरलंय, लंगोट कोरडा आहे, तरी रडतंय, असे तास येतात. त्या तासांत माणसाचा तोल जातो. बाळाला सुरक्षित जागी उताणं ठेवून, दार लोटून, पाच-दहा मिनिटं बाहेर जाऊन यायला परवानगी आहे, हे आपल्या तोंडून ऐकलेलं असलं तर बाळाला गदागदा हलवण्याची वेळ येत नाही.

आईलाही कुणीतरी बघा. दहांतल्या आठ जणींपर्यंत पहिल्या आठवड्यात रडू येतं, चिडचिड होते आणि दोन आठवड्यांत ते ओसरतं. ज्यांचं ओसरत नाही त्यांच्यासाठी १९८७ पासून बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखणारी दहा प्रश्नांची एडिनबर्ग प्रश्नावली आहे. भरायला पाच मिनिटं लागतात. तिचा दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे, आणि विचारल्याशिवाय कुणीही बाई ते आपणहून बोलत नाही. तासाभरात पॅड भिजणं, ताप, थांबत नसलेली डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, एका पायाची सूज, धाप, हेही त्याच कार्डावर हवं. बाळाच्या कौतुकात तिचा पाय कुणी बघत नाही.

तुमचं उत्तर मला माहीत आहे: माणसं कुठून आणायची? खरं आहे, एका पाळीत किती बाळं एका सिस्टरच्या वाट्याला येतात ते मीच जगते. पण मी मागते त्यातलं बरंचसं नव्या माणसांशिवाय होण्यासारखं आहे. डिस्चार्जचं बोलणं शेवटच्या तासातून काढा आणि आदल्या दिवशी दोन-तीन तुकड्यांत करा, घरी रात्री जागणारी दुसरी व्यक्ती समोर बसवून. आपण सांगून झाल्यावर त्यांनाच सांगायला लावा: पाचव्या दिवशी किती लंगोट? श्वास कसे मोजाल? तिसऱ्या दिवसाची वेळ देऊनच घरी सोडा; वजन, रंग, पाजण्याची पद्धत, आईची विचारपूस, वीस मिनिटांचं काम आहे.

आणि फोन. आज तो वॉर्डात सहज कुणी उचलला तर उचलला. एक नंबर ठरवा, तो फाइलच्या मुखपृष्ठावर वरच छापा, आणि तो उचलणारीला "आत्ता या" म्हणण्याचा अधिकार द्या. डॉक्टरांना उठवू का, या विचारात तिची दहा मिनिटं जाऊ देऊ नका. जी कुणी उचलेल तिला एक वाक्य उच्चारायची बंदी असावी: "एवढ्याशा गोष्टीसाठी फोन केलात?" ते ऐकलेली आई पुढच्या वेळी फोन करत नाही, आणि पुढच्या वेळी बाळाचे ओठ निळे असू शकतात.

महिनाभर त्या फोनशेजारी एक वही ठेवा आणि प्रत्येक प्रश्न, बाळाचं वय आणि दिलेलं उत्तर लिहायला लावा. नवं डिस्चार्ज कार्ड त्या वहीवरून तयार करू. मसुदा मी लिहीन. पाळी संपल्यावर सकाळी तासभर थांबायची माझी तयारी आहे. बालरोगतज्ज्ञांपैकी कुणीतरी तो तपासून द्यावा, एवढी व्यवस्था तुमच्याकडून हवी.

आपली,
नवजात विभागातली एक परिचारिका